कोपर्निकसचा ग्रंथ आणि धर्मसत्तेची लेखणी

निकोलस कोपर्निकस यांचा ‘डी रिव्होल्यूशनिबस’ हा लॅटिन ग्रंथ १५४३ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे प्रकाशित झाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. धर्मसत्तेने हा ग्रंथ दडपला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि हे मत अपुरे आहे.

रोमच्या धर्मपीठाने १६१६ मध्ये ग्रंथावर ‘दुरुस्ती होईपर्यंत’ बंदी घातली. १६२० मध्ये जाहीर झालेल्या दुरुस्त्या दहाच्या आसपास होत्या. ग्रंथातील पुष्कळ भाग लोकोपयोगी असल्याचे त्या आदेशातच मान्य केले होते. पहिल्या खंडातील अकराव्या प्रकरणाच्या शीर्षकात पृथ्वीच्या त्रिविध गतीची ‘सिद्धता’ होती. तेथे ‘गृहीतक’ हा शब्द घालण्यात आला. म्हणजेच आक्षेप गणितावर नसून सत्यत्वाच्या दाव्यावर होता. मुळात ही वाट ओसिअँडर या धर्मोपदेशकाने ग्रंथारंभी जोडलेल्या निनावी प्रस्तावनेतच दाखविली होती. केप्लर यांनी १६०९ मध्ये त्याचे नाव उघड केले.

ओवेन गिंगरिच यांनी १५४३ व १५६६ च्या आवृत्त्यांच्या सुमारे ६०० प्रती तपासल्या. त्यांना या दुरुस्त्या प्रामुख्याने इटलीतील प्रतींत आढळल्या, अन्यत्र क्वचितच. गॅलिलिओच्या स्वतःच्या प्रतीत खोडलेला मजकूर सहज वाचता येतो.

ग्रंथ जाळण्यापेक्षा त्यातील ‘आहे’चे ‘मानू या’ करणे अधिक सोयीचे असते. ज्ञानाची उपयुक्तता स्वीकारून त्याचे सत्यत्व नाकारणारी ही रीतच या संघर्षाचे खरे मर्म होय. १८३५ च्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतून हा ग्रंथ वगळला गेला. ती खोडलेली अक्षरे मात्र प्रतींत कायम आहेत.