काठावरचे वाङ्मय

मराठी लेखक नदीवर भरभरून लिहितो, पण नदीत बसून लिहीत नाही. हे विधान काही रसिकांना चमत्कारिक वाटेल. कृष्णा, गोदा आणि इंद्रायणी यांच्या काठी जी भाषा वाढली तिच्यावर हा आरोप? पण आपल्या ललितगद्यातली कोणतीही नदी आठवून पाहावी. घाटाच्या पायऱ्या आहेत, देऊळ आहे, धुणे बडवणाऱ्या बायका आहेत, आणि लेखकमहाशय वरच्या पायरीवर बसलेले आहेत. नाव दिसलीच तर लांबवर, भिंतीवरच्या तसबिरीतल्यासारखी.

काकासाहेब कालेलकरांच्या 'लोकमाते'चेच उदाहरण घेऊ. नद्यांवर इतक्या मायेने मराठीत दुसऱ्या कुणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. १८८५ साली साताऱ्यास जन्मलेल्या या लेखकाला कृष्णा खरोखरच आईच्या जागी होती. पण आई म्हटली की दर्शन आले, आणि दर्शन म्हणजे समोर उभे राहणे आले. 'लोकमाता' वाचताना माझे हात जोडले जातात. ते भिजत नाहीत. तिच्याशेजारी रवींद्रनाथांचे 'छिन्नपत्र' ठेवावे. १९१२ साली ग्रंथरूपाने आलेल्या या पत्रांतली पुष्कळशी पद्मेच्या परिसरात, नावेत मुक्काम करून लिहिलेली. तिथे लेखक बसल्या जागी असतो आणि काठ सरकत जातो. समोर काय यावे हे त्याच्या हाती राहत नाही, म्हणूनच त्या पत्रांत इतकी अनपेक्षित माणसे येतात. मात्र रवींद्रनाथ त्या नावेत एकटे आहेत, आणि जमीनदार आहेत. वल्ही दुसऱ्यांच्या हाती आहेत.

सोबत्यांचा जलप्रवास वाचायचा तर स्टीव्हन्सनच्या 'अ‍ॅन इनलँड व्हॉयेज'कडे वळावे लागते. १८७६ च्या शरदात दोघे मित्र दोन छोट्या होड्या घेऊन बेल्जियममधून फ्रान्समध्ये उतरले. पाऊस, गारठा, फुगलेली वाझ नदी. आणि एके ठिकाणी तर फेरीवाले समजून खाणावळवालीने त्यांना दारातूनच घालवले! हे पुस्तक १८७८ साली निघाले. त्यातला सृष्टिवर्णनाचा भाग मला आज थोडा नटवा वाटतो. पण ओल्या कपड्यांनी वल्हे मारणाऱ्या माणसाचा जो चिडका, भुकेला, तरीही मजेत असलेला सूर आहे, तो मराठी गद्यात मला सापडलेला नाही.

याला भूगोल जबाबदार आहे असे कुणी म्हणेल, आणि ते बरेचसे खरे आहे. मी राहतो त्या मलकापुरात (शाहूवाडी तालुक्यातल्या, बुलढाण्याच्या नव्हे) शाळी आणि कडवी या नद्या आमच्या रोजच्या ओळखीच्या. आंब्याच्या बाजूला पाऊस कोसळू लागला की त्या अंगावर येतात. त्या पाण्यात हौसेने कोण नाव घालील? दिवाळी सरते, पाणी निवळते, सकाळी पात्रावर धुके बसते. नावेने लांब जावे असे दिवस येतात, आणि त्याच सुमारास कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घातले जातात. उसाला पाणी मिळते हे उत्तमच. पण नदीची डबकी होतात. त्यामुळे आमच्याकडची नाव नदी ओलांडते, नदीने जात नाही. पुरात तर गुळाची काहीलसुद्धा नावेचे काम करते. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्याही पावसाळी पाण्यात, आणि पाहणारे पुन्हा काठावरच! २०१९ च्या ऑगस्टात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांनी भरलेली नाव उलटली आणि माणसे गेली. तेव्हापासून या भागात नाव म्हटले की प्रथम तेच आठवते.

पण भूगोलाच्या माथी सगळे मारून चालणार नाही. श्री. ना. पेंडशांनी 'तुंबाडचे खोत' (१९८७) जगबुडीच्या काठी उभी केली, तेव्हा पाणी हा माणसांच्या येण्याजाण्याचा भाग झालाच ना? खाडी भरतीओहोटीने दोन्ही दिशांना वाहते, तशी ती कादंबरीही पिढ्यांतून मागेपुढे वाहते. खाडीवर वाढलेल्या माणसाला पाण्याचे कौतुक नसते, ओळख असते. घाटावरच्या लेखकाचे नेमके याच्या उलट आहे. त्याहून मोठे कारण मला दुसरेच दिसते. आमच्या नद्यांवर वल्हे मारले ते भोयाने आणि कोळ्याने, आणि लेखणी शतकानुशतके तिसऱ्याच्याच हाती राहिली. तो तिसरा पैसे देऊन पलीकडे उतरला आणि घाटावर बसून लिहू लागला.

या दृष्टीने नर्मदापरिक्रमेची पुस्तके मी मोठ्या आशेने वाचतो. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून (१९५७) ही परंपरा मराठीत चांगली रुजली आहे. चातुर्मास संपल्यावर, थंडीच्या तोंडावर, माणसे निघतात. नर्मदा ओलांडायची नाही हा नियम. फक्त समुद्राच्या मुखाशी, विमलेश्वरहून मिठीतलाईकडे, नावेने जायचे. भरतीच्या वेळेप्रमाणे कधी अपरात्रीही निघावे लागते. दिंडीत एखादा नकोसा झाला तर चार पावले मागे राहता येते. इथे तासन्‌तास गुडघ्याला गुडघा लावून बसायचे असते. म्हणजे आमच्या भाषेला हिवाळ्यातला सामुदायिक नौकाप्रवास चांगला ठाऊक आहे! तरी मी वाचलेल्या बहुतेक हकिकतींत पायांच्या फोडांना पानेच्या पाने मिळतात, आणि नाव हाकारली की चार ओळींत पैलतीर येतो, 'नर्मदे हर'चा गजर होतो, प्रकरण संपते. त्या गारठ्यात कोण कुणाच्या घोंगडीत शिरले, कुणाला उलट्या झाल्या, कोण कुणाशी भांडले, आणि सुकाणूवरचा माणूस त्या वेळी काय बोलत होता, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.