दोघींची मालिका

‘कॅग्नी अँड लेसी’ बघताना गुन्हेगार कोण, याची उत्सुकता मला फार काळ टिकवता येत नाही. न्यूयॉर्क पोलिसांतल्या या दोन डिटेक्टिव्हची खरी गोष्ट घडते ठाण्यातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात. बाहेर सगळे पुरुष सहकारी. मनातलं बोलायला तेवढीच जागा. तिथे त्या भांडतात, एकमेकींना सुनावतात आणि पुन्हा एकाच गाडीत बसून कामाला निघतात. (ठाण्याचा सेट मात्र न्यूयॉर्कमध्ये नव्हताच. तो होता लॉस एंजेलिसला, आणि योगायोग असा की रस्त्याचं नाव लेसी स्ट्रीट!)

दोन मित्रांचे सिनेमे हॉलिवूडनं ढिगानं काढले, दोन मैत्रिणींचे का नाहीत? समीक्षक मॉली हॅस्केल यांचं १९७४ सालचं पुस्तक वाचून बार्बरा अवेडन आणि बार्बरा कॉर्डे यांना या प्रश्नानं पछाडलं. त्यांनी लिहिलेली गोष्ट पडद्यावर यायला १९८१ उजाडलं, तीही सीबीएस वाहिनीवरचा दूरचित्रपट म्हणून. लेसी झाली टाइन डेली, कॅग्नी झाली लॉरेटा स्विट. पुढच्या वर्षी मालिका सुरू झाली तेव्हा स्विट ‘मॅश’ या दुसऱ्या मालिकेत अडकलेली, म्हणून मेग फॉस्टर आली. सहा भागांनंतर तिलाही बदललं. वाहिनीच्या साहेबलोकांना या दोघी फार कडक, पुरुषी वाटत होत्या. फॉस्टरवर हा उघड अन्याय होता. तिच्या जागी आली शॅरन ग्लेस.

वाहिनीला हवी होती जरा मऊ कॅग्नी. ग्लेसनं दिली महत्त्वाकांक्षी, तोऱ्यात वावरणारी, एकटी राहणारी, चुकलं तरी पटकन कबूल न करणारी बाई. तिच्यासमोर डेलीची लेसी: नवरा, मुलं, घरखर्च सांभाळणारी आणि तत्त्वाला धरून बसणारी. १९८५ मध्ये डेली स्वतः गरोदर राहिली, तर लेखकांनी लेसीलाही दिवस गेल्याचं दाखवलं. त्याआधी, १९८३ मध्ये, वाहिनीनं मालिका बंदच केली होती. प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस पडला, डेलीला एमी पारितोषिक मिळालं आणि १९८४ मध्ये मालिका परत आली.

मालिकेचं शिखर म्हणजे जॉर्जिया जेफ्रीज यांनी लिहिलेली ‘टर्न, टर्न, टर्न’ ही १९८७ ची दोन भागांची कथा. कॅग्नीचे वडील चार्ली निवृत्त पोलीस, गप्पिष्ट आणि पिणारे. बापलेक बारमध्ये बसलेले आपण किती वेळा पाहिलेले असतात, आणि त्यात आपल्याला मायाच दिसलेली असते. चार्ली जातात, कॅग्नी दारूत बुडते, आणि मग मागचा तो प्रत्येक पेला आठवून आपण चपापतो. व्यसन इतक्या संथपणे, इतक्या प्रेमळ वेषात पेरलेलं मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही. शेवटी कॅग्नी अनोळखी माणसांसमोर आपलं नाव सांगते आणि आपण दारुडी असल्याचं कबूल करते. मालिका संपल्यावर ग्लेस स्वतःही दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला गेली, आणि तिनं पुढे ते मोकळेपणानं सांगितलं. हे कळल्यावर तो अभिनय बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

१९८७ चं एमी ग्लेसला मिळालं, रास्तच. १९८३ ते १९८८ अशी सलग सहा वर्षं सर्वोत्तम अभिनेत्रीचं ते पारितोषिक या दोघींनीच आलटूनपालटून नेलं. चार डेलीनं, दोन ग्लेसनं. तरी हे दोन भाग पुन्हा बघाल तेव्हा एकदा फक्त डेलीकडे बघा. मैत्रिणीला सावरताना लेसी चिडते, घाबरते, कंटाळतेसुद्धा, आणि तरीही तिथून हलत नाही.