‘पुनरुज्जीवन’ हा शब्द कोणाचा? ओमानच्या इमामतीवरचं एक पुस्तक वाचताना

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘1913 मध्ये ओमानमध्ये इबादी इमामतीचं पुनरुज्जीवन झालं.’ गाईडनी ‘पुनरुज्जीवन’ला गोल केला आणि समासात लिहिलं, ‘हा शब्द कोणाचा?’ मला प्रश्नच कळला नाही. मी तर जॉन विल्किन्सन यांचं ‘द इमामेट ट्रॅडिशन ऑफ ओमान’ (1987) नीट वाचून लिहिलं होतं!

आधी पुस्तकाची मांडणी बघू. इबादी पंथात इमामपद तत्त्वतः वारशाने मिळत नाही. विद्वान आणि टोळीप्रमुख मिळून इमाम निवडतात. विल्किन्सन यात एक चक्र बघतात. इमामाच्या नावाने टोळ्या एकत्र येतात, राज्य बळावतं, सत्ता एका घराण्यात अडकते, टोळ्या भांडतात, सगळं मोडतं आणि पुन्हा इमाम निवडायची वेळ येते. 1624 मध्ये निवडलेल्या नासिर बिन मुर्शिदपासून यारुबी घराणं उभं राहिलं. अठराव्या शतकात वारसाहक्कावरून यादवी झाली आणि ओमानी टोळ्या हिनावी व गाफिरी अशा दोन गटांत विभागल्या. चक्र इथे चपखल बसतं. धर्म आणि टोळी यांना एकमेकांविरुद्ध उभं न करता दोन्ही एकत्र वाचायला हे पुस्तक शिकवतं, ही त्याची मोठी बाजू.

पण चक्र ‘पुन्हा होतं’ एवढं सांगतं. ‘तेव्हाच का’ हे सांगत नाही. 1868 मध्ये अज्जान बिन कैस इमाम झाले. त्यांच्यामागेही मोठे विद्वान होते, हिनावी प्रमुख होते. तरी 1871 मध्ये ते लढाईत मारले गेले आणि इमामत संपली. 1913 मध्ये मात्र नूरुद्दीन अल सालिमी या विद्वानाने आपले शिष्य सालिम अल खरुसी यांची निवड घडवली ती तनूफमध्ये, म्हणजे गाफिरी प्रमुख हिम्यार बिन नासिर यांच्या गावात. हिनावींचे इसा बिन सालिह मागाहून आले. दोन्ही गट एका बाजूला, हा खरा फरक. त्यात 1912 पासून ब्रिटिशांनी मस्कतच्या शस्त्रव्यापारावर नियंत्रण आणलेलं, त्यामुळे अंतर्भागातल्या टोळ्या आधीच चिडलेल्या. 1915 मध्ये त्यांनी मस्कतवर चाल केली. ब्रिटिशांच्या हिंदी पलटणींनी ती परतवली. शेवटी 1920 चा सीबचा करार झाला आणि अंतर्भागाची स्वायत्तता सुलतानाला मानावी लागली. यातलं काहीही आपोआप फिरणाऱ्या चक्रासारखं नाही. माणसांनी वाटाघाटी करून ते जुळवलंय.

आता गाईडच्या प्रश्नाकडे येऊ. इमामतीच्या इतिहासासाठी सगळे ज्या ग्रंथाकडे जातात, तो ‘तुहफत अल आयान’ लिहिला कोणी? याच सालिमींनी! पुढचा भाग त्यांच्या मुलाने लिहिला, त्याचं नाव ‘नहदत अल आयान’. नहदा म्हणजे उत्थान. म्हणजे मी ‘पुनरुज्जीवन’ लिहिलं, तेव्हा नकळत एका पक्षाचाच शब्द उचलला होता. विल्किन्सन स्रोतांबाबत भाबडे नाहीत, पण त्यांच्या चक्राचा आराखडा हातात घेतला की आपण भाबडे होतो. दुसरीकडे, ब्रिटिश कागदांत हीच घटना ‘बंड’ म्हणून दिसते. तोही पक्षच.

मग काय, पुस्तक टाकून द्यायचं? अजिबात नाही. चक्र हे उत्तर म्हणून नको, प्रश्न म्हणून वापरा: या वेळी कोण एकत्र आलं, कशासाठी, आणि ही हकिगत सांगतंय कोण?

माझं वाक्य आता असं आहे: ‘1913 मध्ये सालिमी आणि हिम्यार बिन नासिर यांनी तनूफमध्ये नवा इमाम निवडून आणला, त्यांच्या पक्षाने याला उत्थान म्हटलं.’ वाक्य लांबलंय खरं. पण समासात या वेळी गोल नव्हता.