मिस्सेतील गाणी आणि गायिलेली मिस्सा

आपल्या उपासनेत गायन वाढले आहे, याविषयी दुमत नसावे. सणाच्या दिवशी प्रवेशगीत, अर्पणगीत, प्रभुभोजनगीत व समारोपगीत अशी चार गाणी होतात; पेटी-तबल्याची, अलीकडे की-बोर्डची साथ असते. परंतु त्याच मिस्सेत धर्मगुरू अभिवादन भराभर उच्चारतो, लोक तितक्याच घाईने उत्तर देतात, आणि प्रीफेस एखाद्या परिपत्रकासारखा वाचला जातो. प्रस्तुत लेखकाची तक्रार गाण्यांविषयी नाही. आपण मिस्सेत गातो. मिस्सा मात्र गात नाही. खरी उणीव ती ही.

उपासनासंगीताविषयीची ‘मूसिकाम साक्राम’ ही सूचना ५ मार्च १९६७ रोजी प्रसिद्ध झाली. तिने गायनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीवर धर्मगुरूचे अभिवादन व लोकांचे उत्तर, प्रीफेस, सांक्तुस, प्रभूची प्रार्थना. दुसरीवर किरिये, ग्लोरिया, आग्नुस देई. आणि तिसरीवर प्रवेशाची व प्रभुभोजनाची गीते. पहिली पायरी एकटी चालेल. पहिलीवाचून पुढच्या दोन मात्र घेऊ नयेत, असा तिचा दंडक आहे. आपण जिना वरून बांधावयास घेतला आहे! याचे कारणही उघड आहे. तिसरी पायरी गायकवृंदाच्या स्वाधीन करता येते. पहिलीसाठी धर्मगुरूला स्वतःचा आवाज उघडावा लागतो. आपला आवाज बरा नाही, या सबबीवर लेखकाने स्वतः दीक्षेनंतर कित्येक वर्षे एकही प्रीफेस गायिला नाही. हा विनय नव्हता, संकोच होता. आणि त्यामुळे गाऊन उत्तर देण्याचा लोकांचा हक्क हिरावला जात होता.

येथे एक आक्षेप हमखास येतो : ग्रेगोरियन गायन म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन म्हणजे मागे परतणे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाचे ११६ वे कलम, इतर बाबी समान असता, ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान देते. ११९ वे कलम मिशन-प्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरेचा मान राखावयास सांगते. आपल्याकडे एक पक्ष पहिले कलम वाचतो, दुसरा पक्ष दुसरे. दोन्ही एकत्र वाचणारे थोडे. सहाव्या पॉल यांनी १९७४ मध्ये ‘युबिलाते देओ’ ही सोप्या लॅटिन गायनांची पुस्तिका बिशपांकडे पाठविली, ती सामान्य भाविकांनी गावे म्हणून. हे आपल्या लोकांना झेपणार नाही, असे म्हणणाऱ्याने गोव्यातील लादीन आठवावी. घरच्या वेदीपुढे आणि वाटेवरच्या क्रुसापाशी, लॅटिन न शिकलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ती लॅटिनमध्ये गायिली आहे. कमतरता लोकांच्या कंठात नाही.

तथापि लॅटिन चालीखाली मराठी शब्द जसेच्या तसे बसविणे, हाही उपाय नव्हे. लॅटिन स्वरावली शब्दाच्या आघाताला धरून उतरते. मराठीत तसा ठळक आघात नाही, आणि आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. उसना उतार लावला की नेमके ‘असो’, ‘आहे’, ‘करो’ यांवर स्वर अडखळतो व प्रार्थना कानाला परकी वाटते. ग्रेगोरियन गायनाकडून घ्यावयाचे ते त्याचे तत्त्व : ठेक्याने शब्दाला बांधू नये, शब्दाने स्वराला चालवावे. हे तत्त्व आपल्याला परके नाही. आपली ग्रंथातील ओवी अशीच म्हटली जाते. तिला ताल लागत नाही, अर्थाबरोबर ती थांबते व पुढे जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणासाठी हाच छंद निवडला होता.

भजनाच्या चालींचे आपण स्वागत केले, ते योग्यच झाले. परंतु भजनाला ध्रुपद हवे, ताल हवा. म्हणून सांक्तुसचे शब्द कापले जातात, आग्नुस देईच्या जागी दुसरेच पद येते. मिस्सेच्या ठरीव पाठाऐवजी अन्य गीत घालण्यास मिस्साग्रंथाची सर्वसाधारण सूचना परवानगी देत नाही. भजनाने प्रवेशाला, प्रभुभोजनाला शोभा आणावी. पाठ मात्र पाठच राहावा.

आरंभ लहान असावा. धर्मगुरूने एका रविवारी केवळ अभिवादन एका स्वरावर, पेटीवाचून म्हणावे, आणि शेवटच्या दीर्घ अक्षरावर एक पायरी उतरावे. लोक उत्तर देतील. महिन्याभराने प्रीफेसपूर्व संवाद घ्यावा, त्यानंतर प्रभूची प्रार्थना. धर्मशिक्षकांनी मुलांना वर्गात हीच उत्तरे गाऊन शिकवावीत. जेथे रविवारी धर्मगुरू पोहोचत नाही, तेथे प्रभुशब्दविधीतील स्तोत्राचे ध्रुपद त्यांनी स्वतः म्हणावे व लोकांकडून म्हणवून घ्यावे. यासाठी पैसा लागत नाही, वाद्य लागत नाही, फार गोड गळाही लागत नाही.

गायकवृंद एखाद्या रविवारी आला नाही की आपली मिस्सा मुकी होते. ज्या धर्मग्रामात धर्मगुरू आणि भाविक एकमेकांना गाऊन उत्तर देतात, तेथे ती मुकी होणार नाही.