आकाशाला फोन लावला, पुढे?

ड्रोन शो आता तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, निदान मोबाइलवर तरी. शेकडो ड्रोन वर जातात, त्यांचा पक्षी होतो, मग अक्षरं होतात, आपण व्हिडिओ काढतो आणि घरी येतो. माझी तक्रार एवढीच, की तिथं आपल्याला करायला काही नसतं. म्हणून आज दोन वेगळ्या कामांबद्दल बोलतो. दोन्हींतल्या वस्तू अगदी रोजच्या: एकात मोबाइल फोन, दुसऱ्यात भोंगा आणि रेडिओ.

पहिलं 'स्काय इअर', म्हणजे आकाशाचा कान. लंडनमधले वास्तुरचनाकार उस्मान हक यांनी २००४ मध्ये ते ग्रीनिचला केलं. हेलियमचे सुमारे १००० फुगे जाळीत बांधून त्यांचा ढग रात्री वर सोडला. फुग्यांत विद्युतचुंबकीय क्षेत्र ओळखणारे सेन्सर आणि रंगीत एलईडी. ढगात काही मोबाइलही ठेवलेले. खालच्या माणसानं त्यांना कॉल लावायचा, की आकाशातल्या लहरींचे आवाज कानावर येत. विजांमुळे उठणाऱ्या काही रेडिओलहरी ऐकण्याजोग्या केल्या, तर त्या चक्क शीळ घातल्यासारख्या वाटतात, खाली उतरत जाणारी शीळ! पण खरी गंमत पुढे आहे. कॉल लागला की त्या कॉलमुळेच ढगातलं क्षेत्र बदलतं आणि फुग्यांचे रंग बदलतात. ऐकायला गेलेला माणूस आकाश थोडं ढवळून येतो. आपल्या डोक्यावर लहरींची दाटी आहे आणि तीत आपलाही वाटा आहे, हे इतक्या सोप्या रीतीनं सांगणारं दुसरं काम मला माहीत नाही. (फोटोत मात्र ते वाढदिवसाच्या सजावटीसारखं दिसतं.)

तरी एक अडचण राहतेच. फोनवर तुम्ही काय बोलता, याचं त्या ढगाला काही देणंघेणं नाही. बोलण्याचं साधन इथं फक्त लहर सोडतं.

बोलणंच आकाशात नेलं तर? मेक्सिकोत जन्मलेल्या राफाएल लोसानो-हेमर यांनी २००८ मध्ये ते केलं. कामाचं नाव 'वोस आल्ता', मोठ्यानं बोलणं. जागा मेक्सिको सिटीतला त्लातेलोल्कोचा चौक. २ ऑक्टोबर १९६८ ला, ऑलिंपिक दहा दिवसांवर असताना, इथं आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. मेले किती, यावर आजही वाद आहे. ४० वर्षांनी त्याच चौकात भोंगा ठेवला. कुणीही यावं, बोलावं, सेन्सॉर नाही. आवाज चढला की सर्चलाइटचा झोत प्रखर होई. तो जवळच्या इमारतीच्या माथ्यावर पडे आणि तिथले आणखी तीन सर्चलाइट तो शहरावर पुढे नेत. दुरून दिसे नुसती उघडझाप. पण विद्यापीठाचं रेडिओ स्टेशन लावलं की तेच बोलणं घरात ऐकू येई. भोंग्यापाशी कुणी नसेल तेव्हा जुनी ध्वनिमुद्रणं वाजत.

इथं एक गोष्ट समीक्षकानं सोडू नये. १९६८ च्या त्या संध्याकाळी गोळीबाराआधी याच चौकावर फ्लेअर दिसले होते. आकाशातल्या उजेडाचा अर्थ इथल्या जुन्या माणसांना चांगला ठाऊक होता. लोसानो-हेमर त्याच आकाशात पुन्हा उजेड करतात, आणि या वेळी तो चौकातला माणूस बोलेल तेवढाच लागतो. म्हणून मला हे काम पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

लोकांनी तिथं आठवणी सांगितल्या, कविता म्हटल्या. एकानं तर लग्नाची मागणीही घातली. काहींना ते खटकेल. मला नाही खटकत. त्याच्यासाठीही झोत तसाच लागला, आणि तो श्वास घ्यायला थांबला की विझला.