मध्यरात्रीचे ठोके

कालप्रवासाची कथा म्हणजे बुद्धीची करमणूक, अशी आमची समजूत होती. रॉबर्ट शिअरमनलिखित ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ (२००२) या ‘डॉक्टर हू’ मालेतील इंग्रजी श्रुतिकेने ती खोटी ठरविली.

हिंदुस्थानाकडे निघालेले आर-१०१ हे ब्रिटिश हवाई जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळून ४८ जण मृत्यू पावले, हा इतिहास. त्यातून कालयात्री डॉक्टर चार्ली नामक तरुणीस वाचवितो, ही कल्पना. चार्ली गेल्याचे ऐकून तिच्या घरची स्वयंपाकीण एडिथ जीव देते. परंतु चार्ली तर जिवंत! मग एडिथ मेली की नाही? या न सुटणाऱ्या गाठीतून एक घरच सजीव होते आणि नाताळच्या पूर्वरात्रीचे तेच दोन तास पुनःपुन्हा घडवून नोकरमाणसांचे बळी घेते.

ब्रह्मलोकाहून रेवतीसह परतलेल्या रैवत राजाला युगे उलटलेली दिसली. त्या कथेत काळ पुढेच धावतो. घडलेले कोणी पुसू जात नाही. येथे डॉक्टर दयेपोटी ते पुसतो आणि त्याचे मोल सर्वांत दुबळ्या जिवाला भरावे लागते.

चार्लीचा स्वतःचा पेच पुढील श्रुतिकांवर सोपविला आहे, हे उणे खरे. परंतु स्वतःस कःपदार्थ मानणाऱ्या एडिथला चार्ली जगण्यास राजी करते, तेव्हा कोडे मागे पडते आणि माणूस उरतो. महाप्रसाद रांधणाऱ्या हातांची नावे आपण तरी कधी विचारतो?