‘अमृतमंथन’मधला डोळा: समीप की विशाल?

चित्रपटविषयक मराठी लेखनात ‘क्लोज-अप’साठी ‘समीपदृश्य’ हा शब्द रूढ झाला आहे. तो सोयीचा आहे, पण निरागस नाही. कॅमेरा माणसाच्या जवळ गेला म्हणजे त्याच्या अंतरंगाच्याही जवळ गेला, हे गृहीत त्या ‘समीप’ पदात दडलेले आहे. बेला बालाझ यांनी १९२४च्या आपल्या ग्रंथात चेहऱ्याच्या अशा दृश्याला जे आत्मदर्शी मूल्य दिले, ते आपल्या समीक्षेने फारशी चिकित्सा न करता स्वीकारले. व्ही. शांताराम यांच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील राजगुरूचा डोळा या गृहीताला सरळ छेद देतो.

प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आल्यानंतरचा हा पहिला चित्रपट. तो मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. बळीची प्रथा बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कट रचणारा राजगुरू मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी उभा केला. चंद्रमोहन यांचा पडद्यावरील हा पहिलाच अवतार, आणि लोकांच्या स्मरणात राहिला तो त्यांचा चेहरा नव्हे, तर पडदा व्यापून उरलेला डोळा.

हा डोळा टेलिफोटो भिंगाने टिपलेला आहे, ही गोष्ट तंत्राच्या इतिहासात नोंदली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. वास्तविक तिचा अर्थ मोठा आहे. टेलिफोटो भिंग कॅमेऱ्याला विषयाजवळ नेत नाही. ते दुरूनच विषयाचा लहानसा भाग मोठा करते, दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि खोली चपटी झाल्याचा भास निर्माण करते. म्हणजे येथे आकार वाढला आहे, अंतर घटलेले नाही. रशियन भाषेत अशा दृश्याला ‘निकटचे’ न म्हणता ‘मोठे’ म्हणतात, या भेदावर आयझेनस्टाइन यांनी भर दिला होता. राजगुरूचा डोळा या दुसऱ्या अर्थाने मोठा आहे. जवळ न येता मोठी होणारी सत्ता त्यात दिसते, आणि त्याची दहशत याच विसंगतीतून येते.

नाट्यशास्त्रात छत्तीस दृष्टी सांगितल्या आहेत. बुबुळांच्या व पापण्यांच्या हालचालींचे प्रत्येकी नऊ प्रकार आणि भुवयांचे सात. हे सारे वर्गीकरण डोळा चेहऱ्यात आणि चेहरा देहात आहे असे धरून चालते. राजगुरूचा डोळा या व्यवस्थेतून उपटून काढला आहे. भुवईवाचून क्रोध कसा वाचायचा? तो कोणत्याही एका भावाचा वाचक राहत नाही. उरते केवळ पाहिले जात असल्याची जाणीव.

हे सारे जर्मनीहून आले, असे म्हणण्याचा मोह होतो. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी १९३३ मध्ये जर्मनीला गेले होते, हे खरेच आहे. पण भिंग आयात होते म्हणून पाहण्याची रीतही आयात होते असे नाही. औरंगपुऱ्यातल्या आमच्या वर्गात हा तुकडा दाखवला, तेव्हा एक विद्यार्थिनी चटकन म्हणाली, “सर, हे तर तांदळ्याचे डोळे.” तिचे म्हणणे मला कोणत्याही अभिव्यक्तिवादी उसनवारीच्या सिद्धांतापेक्षा अधिक पटते. शेंदराने माखलेल्या, नाक-तोंड नसलेल्या तांदळ्यावर चांदीचे डोळे बसवले की तो देव पाहू लागतो. नवसाला चांदीचे डोळे वाहिले जातात, सराफाकडे ते सुटे विकत मिळतात. चेहऱ्यापासून तोडलेला डोळा मराठी प्रेक्षकाला १९३४ मध्ये अपरिचित नव्हता. दर्शनात भक्त पाहतो आणि पाहिलाही जातो. राजगुरू चंडिकेच्या नावाने बोलतो, पण पडद्यावर देवीच्या डोळ्याची जागा त्याचा डोळा घेतो. चित्रपटाचा पुरोहितशाहीवरील खरा आरोप संवादांहून या एका प्रतिमेत अधिक धारदार आहे, असे मला वाटते.

आता खरोखरच्या सामीप्याकडे वळू. मॅक्रो भिंगाने डोळ्याच्या अगदी जवळ जाऊन टिपलेल्या छायाचित्रांत बुबुळाचे दऱ्या-विवरांनी भरलेले भूदृश्य होते. आर्मेनियाचे सुरेन मानवेल्यान यांची चित्रे यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण त्यांत कोणी आपल्याकडे पाहत नाही. गंमत अशी की पारपटल हा एक बहिर्गोल आरसा असल्याने खिडकी, दिवा, कधी स्वतः छायाचित्रकारही त्यात उमटतो. इतक्या जवळ गेल्यावर हाती लागते ते आपलेच प्रतिबिंब. बालाझ यांचा आत्मा नव्हे.

आणि आत्म्याशी मुळीच देणेघेणे नसलेला डोळाही आता आपल्यापाशी आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकांच्या वाटपास प्रारंभ झाला. नोंदणीसाठी माणसाच्या दोन्ही बुबुळांचे अवरक्त प्रकाशात छायाचित्र घेतात आणि त्यातील पोताचे अंकांत रूपांतर होते. तेथे माणसाला फक्त डोळे उघडे ठेवायचे असतात. राजगुरूच्या डोळ्यापुढे प्रेक्षक जसा बसून असतो, तसाच तोही यंत्रापुढे हलू न देता बसवलेला. फरक इतकाच की या वेळी मोठा केलेला डोळा त्याचा स्वतःचा आहे, आणि पाहणारा कोण हे पडद्यावर दिसत नाही.